दामूअण्णांचा चौफेर फोटो

"कोणाला खरं वाटणार नाही, पण हा फोटो मी अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर एका पायावर उभं राहून काढलाय," दामूअण्णा शिखरे छाती फुगवून म्हणाले.

फोटो स्पर्धेच्या परीक्षक शाल्मलीबाईंच्या हातातलं सुवर्णपदक हातातच राहिलं. कॅमेऱ्याच्या नव्या चौफेर भिंगाला एकाच वेळी पुढचं, मागचं, पायाखालचंही दिसे. फोटोत काढणारा यायचाच. या फोटोत मात्र कुणीच नव्हतं.

"तुम्ही कुठे आहात, अण्णा?"

"पुसलं की स्वतःला! जुन्या फिशआय भिंगाची नजर इतकी रुंद, की आपलेच पाय यायचे, ते पुसायची सवय जात नाही."

"आणि ही सावली?"

"राहिली चुकून. माझीच ती."

बाईंनी फोटो पडद्यावर मोठा केला. मागच्या बाकावरची कुंदा आपली लांब वेणी हातात धरून उभी राहिली.

"अहो अण्णा, सावलीला कमरेपर्यंत वेणी आहे! तुमच्या टकलाला ती कधी फुटली?"