नवी कडी

दाराची कडी तुटली होती. सासूबाईंना काही आठवायचं नाही. दार उघडं दिसलं की माहेरी निघायच्या. घरमालक दरवेळी म्हणायचा, “माणूस पाठवतो.” तो माणूस काही उगवेना. शेजारीण म्हणाली, “तुम्हीच बसवून घ्या, खर्च भाड्यातून वळता करा.” हे म्हणाले, “मालकाशी वाकडं कशाला?” मग मी दाराशी खुर्ची लावून तिच्यावर पातेली रचायला लागले. पडली की खणखणाट होईल. परवा दुपारी माझा डोळा लागला. उठले तर दार सताड उघडं. पातेली पडलीच नव्हती. सासूबाईंनी ती एकात एक घालून, आवाज न करता, ओट्यावर ठेवली होती. अजून त्यांचा पत्ता नाही. आज सुतार नवी कडी बसवून गेला. मी ती लावली. ह्यांनी उठून काढली. “राहू दे. आई आली तर दार वाजवायचं तिला सुचणार नाही.”