मार्चअखेरची खरेदी

मार्चअखेरपर्यंत अनुदान खर्ची पडलं की विद्यापीठाच्या ग्रंथपाल टिपणीसबाईंची बढती पक्की होती. पुढच्या वर्षी वाचक काय मागतील हे ओळखून खरेदी करणाऱ्या यंत्राने दहा वर्षं फक्त पडद्यावर वाचायची पुस्तकं घेतली होती. यंदा मात्र सगळी छापील.

"बाई, तुमच्या यंत्राला म्हातारचळ लागलाय!" गठ्ठे उतरवताना विक्रेते खटावकर खुशीत म्हणाले.

"ते आजवर कधी चुकलेलं नाही हो," म्हणत बाईंनी गठ्ठा सोडला. हातपंपाची दुरुस्ती. विजेविना शस्त्रक्रिया. कंदिलाच्या उजेडातलं बाळंतपण, तब्बल साठ प्रती.

बाईंच्या लेकीचे दिवस मे महिन्यात भरत होते.

पैसे जमा झाल्याची घंटी फोनमध्ये वाजली आणि खटावकर हसले. विद्यापीठाने फोनमधले, विजेबरोबरच जाणारे आकडे दिले होते, खटावकरांनी खरी पुस्तकं. उरलेली किंमत बाईंच्या लेकीने मोजायची होती, मे महिन्यात, कंदिलाच्या उजेडात.