फडक्याचा दांडा

ओट्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. सकाळपासून तो स्टीलचा ओटा भरीत केंद्राच्या मधोमध नव्या जावयासारखा चकचकीत आणि बिनकामाचा उभा होता. बायका त्याला वळसा घालून जात होत्या आणि भाजलेली वांगी घेऊन खाली फरशीवर बसत होत्या.

हेमांगीने तो धुळ्याहून टेम्पोत घालून आणला होता. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात पाठ न मोडता काम व्हावं, अन्नही वाया जाऊ नये, अशी अवजारं बनवायचा तिचा छोटा कारखाना. चाकांवरचा हा ओटा उंचीला कमी-जास्त व्हायचा. वांगं सोललं की साल जाळीवरून घसरून डब्यात जायचं आणि सालाला चिकटलेला गर जाळीवर राहायचा. जळगावच्या या केंद्राने तो ठेवून घेतला, तर कारखान्याची पहिली ऑर्डर. नाही घेतला, तर "आम्ही सांगतच होतो" म्हणायला घरचे टपलेले होते.

मालक युवराजने आधीच सांगून टाकलं होतं, "मॅडम, जेवणाच्या सुटीपर्यंत बायका ओट्याशी उभ्या राहिल्या तर ठेवतो. नाहीतर टेम्पो बाहेरच आहे." मग त्याने ओट्याच्या बाजूचा जाडजूड दांडा हलवून पाहिला. "हा कशाला?"

"फडकं वाळत घालायला."

"आमच्याकडे फडकी वाळत नाहीत, नुसती काळी होतात. काढून टाका. उगाच लोखंड."

दांडा ही वेल्डर धनसिंगची करणी. त्याला बारीक काम जमत नाही. फडक्यासाठी दांडा लाव म्हटलं, तर त्याने म्हैस बांधता येईल असा ठोकून दिला होता.

पण अडचण ओट्यात नव्हतीच. अडचण पाटावर बसून वांगी सोलत होती. भागाबाई, युवराजची आई.

"अक्का खाले बठेल शे, नि आम्ही हुभं ऱ्हाईसन तिना डोकावर सालटा पाडूत का?" कमलबाईने विचारलं. ती बायकांत सगळ्यांत जुनी. तिने नाही म्हटलं की बाकीच्यांचंही नाहीच.

आणि भागाबाई काही जागची हलत नव्हती. "माले खालेच बरं वाटस," एवढंच तिचं उत्तर. युवराजला तिचं भारी कौतुक. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ऐकवायचा, "आमची माय सगळ्यांच्या आधी येऊन बसते आणि सगळ्यांच्या नंतर उठते. बायकांची जेवणं झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाही." मग तो हात जोडायचा, गिऱ्हाइकंही जोडायची. आता या देवीला नीट दिसत नव्हतं, तिच्या प्रत्येक सालाबरोबर मूठभर गर घमेल्यात जात होता, हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. पण देवीला चष्मा लाव म्हणायची छाती कुणाची?

हेमांगीने शेवटचा उपाय केला. भागाबाईजवळ ती फतकल मारून बसली आणि स्वतःच वांगी सोलू लागली. सोलता सोलता गोडीगुलाबीने ओट्याचे गुण सांगू लागली. पाठ झाली, मान झाली, मनगटं झाली. भागाबाई "हाव, हाव" करत राहिली आणि गरासकट सालं टाकत राहिली.

बाहेर टेम्पोवाल्या भटूने हॉर्न वाजवला. हेमांगीने हार मानली. उठायला गेली, तर पाय तिचे राहिलेच नव्हते. जीन्स घट्ट, मांड्या बधिर. ती रांगत ओट्यापर्यंत गेली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि कण्हत, लोंबकळत एकदाची उभी राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्यांची पाठ वाचवायला निघालेल्या बाईची ही दशा.

भागाबाई हसली नाही. ती दांड्याकडे पाहत होती.

"पोरी, मजबूत शे का तो?" तिने हळूच विचारलं.

"म्हैस बांधा, अक्का."

"मंग लई ये आठे."

हेमांगीने चाकांचे ब्रेक काढून ओटा ढकलत तिच्यापुढे आणला आणि ते पुन्हा लावले. भागाबाईने हात लुगड्याला पुसले आणि दांडा धरला. जोर लावला, परत खाली बसली. पुन्हा लावला. कमलबाई धावली, तर म्हातारीने तिला डोळ्यांनीच थोपवलं. गुडघे कडाकडा वाजले आणि भागाबाई उभी राहिली. तिला उठताना आजवर आपण कधी पाहिलंच नाही, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं.

युवराज दारातून धावत आला. "माय, तू कशाला उठली? बस ना. तुझी सवयच आहे खाली बसायची."

"सवय कसानी रे? माले उठता येत नही." तिला धाप लागली होती. "तुम्ही समदा बाहेर जेवाले ग्यात का मंग ती पिठनी कोठी धरीसन उठस मी."

"घरी तर उठते की तू."

"घरमा खाट शे."

हेमांगीला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि त्याच वेळी ऑर्डरच्या आशेने हसू फुटू पाहत होतं, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. कमलबाईने गुपचूप आपली वांगी उचलून ओट्यावर ठेवली. तिच्यामागून बाकीच्याही उठल्या.

"मॅडम," युवराज घसा साफ करत म्हणाला, "दांडा राहू द्या. आमच्या धुळ्याच्या शाखेलाही असाच ओटा पाठवा." मग सवयीने त्याचे हात आईसमोर जोडले गेले. "माय, आता थोडी टेक. बायकांची जेवणं उरकली की तुझं ताट—"

"पहिले मनं ताट वाढ," भागाबाई म्हणाली. "माले रोज या समदासना पहिलेच भूक लागस."