थरथरता भाला

"सोडा आता, वहिनी. खळ सुकतेय," कोरक्या गेन्शिची म्हणाला.

ओताकीच्या हातून कागद सुटत नव्हता. नवऱ्याचं, बान्रीचं, ते शेवटचं चित्र. आजारपणात उशीला टेकून काढलेलं: नदीत घोडा घातलेला सामुराई, वरून बाणांचा मारा, हातात लांबलचक भाला. आता ते चेरीच्या फळीवर उपडं चिकटवायचं आणि रेघा तेवढ्या ठेवून बाकीचं कोरून काढायचं. छाप शेकड्याने निघणार, मूळ कागदाचा मात्र चुरा होणार. रीतच तशी. बान्रीच्या हातचं एकही चित्र घरात उरलं नव्हतं, आणि ओताकीला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. काढणारा घरात होता ना!

"एक मागू, भावोजी? भाला सरळ करू नका."

गेन्शिचीने कागद उजेडाकडे धरला. भाल्याची रेघ टोकापर्यंत थरथरत गेली होती.

"अहो, त्याच्या चुका सांभाळण्यातच माझा जन्म गेला. हीच एक कशी सोडू?"

"अंगात ताप होता त्यांच्या. कोपर मी धरलं होतं. कागद जाणारच आहे, तेवढी थरथर राहू द्या."

सरळ रेघ कोरावी तर गेन्शिचीनेच, असं सगळं एदो शहर म्हणे. छापाच्या कोपऱ्यात त्याचंही नाव असायचं.

"वहिनी, मेलेल्या चित्रकाराला कुणी नावं ठेवत नाही. ठेवतील ती मला."

"कळतंय मला," ती म्हणाली. तिने मान खाली घातली आणि कागद सोडला.

छाप दुकानात टांगले गेले त्या सकाळी ओताकी आली. दोरीवरचा भाला तसाच थरथरत होता. तिला रडू आवरेना.

"अरेरे!" शेजारचं गिऱ्हाईक हसलं. "गेन्शिचीबुवांचा हात गेला की! का घोटभर जास्त झाली होती?"

गेन्शिची तिथेच ओट्यावर चहा ओतत बसला होता.

"म्हातारा झालो, बाबा," तो म्हणाला. मग काठोकाठ भरलेला पेला एका हाताने उचलून त्याने लांबूनच ओताकीपुढे धरला. एक थेंब सांडला नाही.