स्वतःचा प्याला

नवऱ्याचा सिनेमा संपला तेव्हा क्योतोचं ते अख्खं थिएटर मुसमुसत होतं. का, तर एका बाईचं लहानपणापासूनचं आयुष्य! नंतरच्या पार्टीत एक समीक्षक डोळे पुसत माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बाईचं मन ओळखावं तर किसारागीसाहेबांनीच!"

मी सगळ्यांना साके, म्हणजे आमची तांदळाची दारू, ओतत होते. आमच्यात आपला प्याला आपण भरत नाहीत, शेजारच्यानं भरायचा असतो. माझ्या शेजारी नवराच होता. वाट बघून शेवटी मीच माझा भरला.

"चारचौघांत हे काय गं, शिनोबू?" तो दातओठ खात पुटपुटला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "थांबा! पुढच्या सिनेमाचा शेवट सापडला. बाई स्वतःच स्वतःचा प्याला भरते!"

"वा! काय नजर आहे!" समीक्षक मेल्याचा नळ पुन्हा सुरू.

मग त्या शेवटाच्या नावानं सगळ्यांनी आपापले रिकामे प्याले माझ्यापुढे धरले.