न दिसण्याची तारीख

ट्रॉम्सोच्या धक्क्यावर देवमासे दाखवणाऱ्या बोटीची तिकिटं काढताना खिडकीतली पोरगी म्हणाली, "देवमासा दिसला नाही, तर पुढच्या हिवाळ्यात फेरी फुकट. पण ज्याचं तिकीट, त्यालाच."

"पुढच्या हिवाळ्यात!" टोर्लाइफला इतका चांगला विनोद बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. "अगं, माझे डॉक्टर ईस्टरच्या पुढचं बोलतच नाहीत."

त्याची बायको गुनवोर हसली नाही. तिनं विचारलं, "देवमासे हमखास दिसत नाहीत, असा दिवस कोणता?"

पोरगी गोंधळली. "असं कुणी विचारत नाही हो, आजी."

टोर्लाइफनं बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षं त्यानं याच पाण्यात देवमाशांची शिकार केली होती. तो खिडकीशी वाकला.

"एकतीस जानेवारीची दोन दे. तोवर हेरिंग मासळी निघून गेलेली असते, आणि तिच्यामागोमाग देवमासेही."