होडीतली दोघं

मळ्यावरून पळालेली डॉर्कस म्हाताऱ्या चित्रकार थॅडियसच्या गाडीत, ताडपत्रीखाली श्वास रोखून पडली होती. बाहेर एका स्वाराने घोडा थांबवला.

"पळालेले गुलाम शोधतोय. नवरा-बायको. पाहिलंस का रे, म्हाताऱ्या?"

"पाहिलं की," थॅडियस म्हणाला.

डॉर्कस उडी मारून पळायच्या तयारीत सरकली.

"होडीतून गेली, त्या वळणापलीकडे. मी नदी काढत होतो, तर ती दोघंही चित्रात आली. बघ, रंग अजून ओला आहे."

घोडा वळणाकडे दौडला. टापांचा आवाज विरल्यावर थॅडियसने ताडपत्री उचलली. "ये पोरी, बाहेर ये."

जोडपं पळाल्याची बातमी गावभर झाली होती, म्हणून त्याने चित्रातल्या लालभडक मेपल झाडांखालच्या नदीत घाईघाईने होडी रंगवली होती. होडीत डॉर्कस बसली होती आणि तिचा नवरा वल्ही मारत होता.

"नवरा कुठे लपलाय तुझा?"

"काल नदी ओलांडताना वाहून गेला."

थॅडियसने रंग खरवडायची सुरी उचलली. डॉर्कसने त्याचा हात धरला.

"नका पुसू, बाबा. इथे तरी त्याला पलीकडे पोचू द्या."